लिअँडर हेबचं मत

आमच्या हर्टल कोव्हमध्ये लिअँडर हेबचं कुणाशी वाकडं नव्हतं. असायचं तरी कसं? वाकडं यायला आधी दोन शब्द बोलावे लागतात, आणि लिअँडरचा पहिला शब्द बाहेर पडेपर्यंत समोरच्याचा राग निवून जायचा. लहानपणापासून त्याची जीभ अडायची. काही अक्षरं कशीबशी निभावून जायची. पण ब, प, ट, क यांच्यापैकी एखादं पुढ्यात आलं की ओठ घट्ट मिटायचे, मान ताठ व्हायची आणि गळ्याची शीर फुगायची. रस्त्यातली पोरं त्याची नक्कल करायची. मोठी माणसं पोरांना दटावायची आणि मग तोंड फिरवून स्वतःच हसायची. दुष्ट नव्हती ती माणसं. पण मासेमारीच्या गावात हसायला मिळतं किती, म्हणून जे मिळे ते सोडत नसत.

धंदा मात्र त्याला अगदी सोयीचा लाभला होता. तो पिंपं बनवायचा. खारवलेले मॅकरेल आणि हेरिंग मासे भरून वेस्ट इंडिजला जाणारी पिंपं. येताना त्याच गलबतांतून काकवी आणि रम यायची. धक्क्याला लागून त्याचं छप्पर होतं. तिथे तो फळ्या तासायचा, विस्तवावर शेकून वाकवायचा आणि भोवती गोल कडी ठोकून बसवायचा. हातोड्याचा एवढा दणदणाट चाले की तिथे कोणी गप्पा मारायला येत नसे, आणि कोणी आलंच तर खुणेवर भागत असे. संध्याकाळी घरी गेल्यावर बोलण्याचं काम सबायनाकडे.

सबायना त्याची बायको. या दोघांचं लग्न कसं ठरलं हे गावात सगळ्यांना पाठ होतं, कारण दोघं ते वेगवेगळं सांगत. चर्चच्या जेवणावळीत तो तिच्या समोर बसला होता. "सबायना, ब... ब..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि ती म्हणाली, "होईन. पण लग्न वसंतात करू, थंडीत माझ्या आईचे सांधे धरतात." लिअँडरला चार मुलं झाल्यावरही तो सांगायचा, मी ब-बटाटे मागत होतो म्हणून. सबायना म्हणायची, बटाटे तुझ्या पुढ्यातच होते, उगाच थापा मारू नकोस.

तेव्हापासून त्याचं प्रत्येक वाक्य तो सुरू करायचा आणि ती संपवायची. दुकानात, चर्चच्या दारात, शेजाऱ्याकडे. तिला पहिलं अक्षर पुरत असे. बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. नसलं तरी तो मान डोलवायचा, कारण दुरुस्त करायला पुन्हा बोलावं लागलं असतं.

एकाच ठिकाणी त्याची जीभ अडत नसे. रविवारी चर्चमध्ये गायला उभा राहिला की तोच लिअँडर असा मोकळा गायचा की नवीन पाद्र्याने एकदा विचारलं होतं, हा पाठीमागचा भारदस्त आवाज कोणाचा म्हणून. सांगितल्यावर त्याचा विश्वास बसेना.

लिअँडरचा बाप जेकब हेब अगदी उलट. त्याचा आवाज एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर जायचा. लिअँडर विशीत असताना आमच्या नोव्हा स्कोशियाने एक गोष्ट मिळवली होती. तोवर हॅलिफॅक्सला बसलेला गव्हर्नर आपल्या चार सोबत्यांना घेऊन कारभार हाकायचा. पुढे ठरलं, की लोकांनी निवडलेल्या सभेत ज्यांचा जोर, कारभार त्यांचाच. राणीच्या एवढ्या वसाहती, पण हे पहिल्यांदा मिळालं ते आम्हाला. आणि तेही गोळी न झाडता. जेकबने त्या दिवशी धक्क्यावर सगळ्यांना स्वतःच्या पैशाने रम पाजली, आणि तो पैशाला किती चिकट होता हे माहीत असणाऱ्यांना त्यावरूनच गोष्टीचं महत्त्व कळलं. "राणी म्हणजे घरची थोरली," तो सांगायचा. "तिचा मान तिला. पण कोठीची किल्ली आता आपल्या कमरेला आहे, बरं का."

तेव्हा आमच्याकडे मत देणं म्हणजे बोलणं होतं. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याच्या नावावर घरदार आहे त्या पुरुषाने चारचौघांत उभं राहायचं, अधिकाऱ्याने विचारायचं, "मत कोणाला?" आणि त्याने खड्या आवाजात उमेदवाराचं नाव घ्यायचं. लगेच एका बाजूने टाळ्या, दुसऱ्या बाजूने शिव्या. पुरुषाला आपल्या मताची लाज वाटता कामा नये, असं जुनी माणसं म्हणत. म्हणायला छान होतं. पण टायटस आयझनहॉरच्या दुकानातून वर्षभर उधारीवर पीठ-मीठ उचलणाऱ्या कोळ्याने टायटसच्या डोळ्यांत बघत भलतं नाव कसं घ्यायचं, हे त्या जुन्या माणसांनी कधी सांगितलं नाही.

लिअँडर पंचविशीत पहिल्यांदा मत द्यायला गेला. मतदान शिडं शिवायच्या माडीवर व्हायचं, कारण गावात तेवढी मोठी जागा दुसरी नव्हती. तो उमेदवाराच्या नावातल्या पहिल्याच अक्षरावर अडला. गर्दीने थोडी वाट पाहिली. मग मागून कोणीतरी कोंबड्यासारखं आरवलं आणि सगळी माडी हसून हसून लोळली. अधिकारी बरा माणूस होता, पण त्याला जेवायला जायचं होतं. "पुढचा," तो म्हणाला. लिअँडर खाली उतरला, आणि पुढे कितीतरी निवडणुका आल्या-गेल्या तरी तो त्या जिन्याकडे फिरकला नाही. जेकब त्या संध्याकाळी जेवला नाही. मुलाला एक शब्द बोलला नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लिअँडरला जन्मभर वाटत राहिलं.

मग अठराशे सदुसष्ट साल आलं.

वरच्या अंगाच्या कॅनडातल्या दोन मोठ्या प्रांतांनी, न्यू ब्रन्सविकने आणि आम्ही मिळून एकच देश व्हायचं, अशी चर्चा दोन-तीन वर्षं वर्तमानपत्रांतून चालली होती. राजधानी म्हणे ओटावा. ओटावा कुठे आहे हे आमच्या गावात दोघांना माहीत होतं आणि त्या दोघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. लोकांना वाटलं, एवढी मोठी गोष्ट आहे, आधी निवडणूक होईल, मग ठरेल. तर हॅलिफॅक्सची पुढारी मंडळी लंडनला गेली, तिथे बसून सगळं ठरवून आली आणि एक जुलैला आम्ही सकाळी उठलो ते कॅनडाचे होऊन. निवडणूक सप्टेंबरात. म्हणजे लग्न लागून गेल्यावर नवरीला दाखवायचा कार्यक्रम.

त्या दिवशी हर्टल कोव्हमध्ये अर्ध्या घरांच्या दारांवर काळं कापड लागलं होतं. कोणी मेलं नव्हतं. पण माणसांना तसंच वाटत होतं. सबायनाने जेकबच्या मयताच्या वेळचं कापड पेटीतून काढून दारावर ठोकलं. म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेला होता. "बरं झालं, हे बघायला राहिला नाही," ती म्हणाली.

टायटस आयझनहॉरने मात्र दुकानावर झेंडा लावला. टायटस म्हणजे गावचं दुकान, तीन गलबतं आणि मीठ साठवायची कोठारं. लिअँडरची पिंपं घेणारा तोच. साठीचा, गुटगुटीत, सगळे त्याला टायटसकाका म्हणत. तो मूर्ख नव्हता आणि कोणाचं वाईट चिंतणाराही नव्हता. "अरे, शेजारचे अमेरिकावाले आत्ताच आपसात लढून मोकळे झालेत," तो दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा. "एवढी फौज रिकामी बसली आहे. उद्या त्यांची नजर इकडे वळली तर कशाने अडवणार आहात? आपल्या घरोघरच्या आंबवलेल्या कोबीने?" लोक हसायचे. पण सामान घेऊन बाहेर पडले की पुन्हा तोंड आंबट.

लिअँडरला या सगळ्याचा एवढा राग का आला, हे गावाला कळलं नाही. तो तर कधी मतही देत नव्हता. सबायनाला कळलं ते एका जेवणाच्या वेळी. खारा मासा आणि बटाटे वाढून ती बसते तोच तो म्हणाला, "ते ल... लंडनला गेले. माझ्या वतीने ब... ब..."

"बोलले," सबायना म्हणाली. "मग? तसं तर मीसुद्धा इतकी वर्षं तुझ्या वतीने बोलतेच आहे की."

त्याने चमचा खाली ठेवला. मग जे वाक्य तो बोलायला लागला ते कुठे जाणार आहे याचा तिला अंदाज येईना, म्हणून ती पहिल्यांदाच मधे पडली नाही. बराच वेळ लागला.

"तुला म... मी निवडली होती," तो म्हणाला. "त्यांना क... कोणी?"

सबायना उठली आणि काही कारण नसताना चुलीत लाकूड सारायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "मग जा सप्टेंबरात. सांग त्यांना."

जायचं ठरलं. पण ठरवणं सोपं होतं. एकत्र यायला विरोध करणाऱ्यांनी जो माणूस उभा केला होता त्याचं नाव होतं बेनाया बॅकमन. एका नावात दोन दगड. आणि दुसऱ्या बाजूचा माणूस ॲन्सेल ऑक्सनर. हे नाव लिअँडर झोपेतसुद्धा घेऊ शकला असता. सबायना कपाळाला हात लावून बसली. "देवाची वाटणीच चुकली आहे," ती म्हणाली. "माझी जीभ धडधाकट तर मला मत नाही. तुला मत आहे तर जीभ नाही."

टायटसला बातमी लागायला वेळ लागला नाही. पिंपं बघायच्या निमित्ताने तो छपरात आला, एका पिंपावर बसला आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "मत द्यायला येणार म्हणे तू. ये ना, जरूर ये. आणि उगाच जिभेला त्रास कशाला देतोस? आमच्या माणसाचं नाव बघ कसं लोण्यासारखं आहे. ऑक्सनर. घे, म्हणून बघ."

"ऑक्सनर," लिअँडर म्हणाला. एकदाही न अडता.

"शाबास! मग झालं तर."

"न... नाही झालं," लिअँडर म्हणाला आणि हातोडा उचलून पुन्हा कडी ठोकायला लागला. टायटस बसला होता त्याच पिंपाची कडी होती ती. त्याला उठावंच लागलं.

घरात तयारी सुरू झाली. युक्ती सबायनाची. चर्चमध्ये अडत नाहीस ना, मग नाव चालीवर म्हण. रविवारच्या एका गाण्याच्या चालीत तिने ते नाव बसवलं आणि स्वयंपाक करता करता दोघं ते गायला लागले. 'बेनाया बॅकमन' इतकं भक्तिभावाने कधी कोणी म्हटलं नसेल. खुद्द बेनाया बॅकमनने ऐकलं असतं तर तो लाजला असता. आणि खरंच, गाताना एकदाही जीभ अडत नव्हती. मुलांनासुद्धा चाल पाठ झाली. सबायनाला वाटलं, जिंकलो.

मतदानाच्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि धक्क्यावर माणूस मावत नव्हता. दोन्ही बाजूंनी रमची पिंपं उघडली होती. पिणारे दोन्हीकडची पीत होते आणि मत द्यायचं तिकडेच देत होते. लिअँडर लग्नातला कोट घालून आला. माडीवर टेबलामागे शेजारच्या लुनेनबर्ग गावाहून आलेला चष्मेवाला अधिकारी, शेजारी लिहिणारा कारकून. एका खुर्चीवर ऑक्सनरच्या बाजूने टायटस, दुसऱ्या खुर्चीवर बॅकमनच्या बाजूने गलबताचा कप्तान ओबेड कॉकम. मधे मोकळी जागा, आणि तीन बाजूंनी उभं गाव.

"नाव?" अधिकाऱ्याने विचारलं.

"ल... लिअँडर हेब."

"मत कोणाला?"

जुन्या लोकांना मागचं सगळं आठवत होतं. लिअँडरने श्वास घेतला. ओठ मिटले. "ब..."

सबायना जिन्याच्या वरच्या पायरीवर होती. माडीवर बायकांना काम नव्हतं, पण नवऱ्याला पाव आणि हेरिंग आणून देणाऱ्या बाईला कोण अडवणार? टोपली हातात धरून ती त्याच्या मानेकडे बघत होती. शीर फुगताना दिसली. आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेला.

"बॅकमन!"

तिने ठरवून केलं नव्हतं हो. संसारातल्या हजार जेवणांची सवय होती ती. पहिलं अक्षर ऐकलं की उरलेलं तिचं तोंड आपोआप म्हणायचं. माडी हास्याने गडगडली. कारकुनाने दौतीत लेखणी बुडवलीसुद्धा.

टायटस उठून उभा राहिला. "थांबा, थांबा! हे मत कोणाचं लिहिताय? बायकांना मत कधीपासून मिळालं?"

"अहो टायटसकाका," ओबेड कॉकम म्हणाला, "त्याच्या मनात काय आहे हे उभ्या गावाला ठाऊक आहे."

"मनातलंच लिहायचं तर निवडणूक कशाला घेता? पाद्र्यालाच विचारा की सगळ्यांच्या मनातलं!"

अधिकाऱ्याने चष्मा पुसला. "मतदाराने स्वतः बोललं पाहिजे," तो म्हणाला. "स्वतः बोलला नाही तर मला मत धरता येणार नाही."

सबायनाचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांनी तो जिना चढून आला होता आणि त्याचं मत तिनेच घालवायला आणलं होतं. तिने टोपली छातीशी धरली आणि ओठ इतके आवळले, की त्यांचा रंग गेला.

"गाऊन सांग रे, लिअँडर!" मागून कोणीतरी ओरडलं. हेबांच्या घरातली तालीम आता गुपित कुठे राहिली होती? ओबेडने तर चाल गुणगुणायलासुद्धा सुरुवात केली. लिअँडरला नुसता सूर धरायचा होता. सगळं तिथल्या तिथे संपलं असतं.

त्याने मान हलवली. चर्चमध्ये म्हणतो ते शब्द दुसऱ्यांचे, गावाने मिळून म्हणायचे. आणि हे त्याला एकट्याला म्हणायचं होतं. हे त्याने नंतर सबायनाला सांगितलं. त्या वेळी त्याने फक्त मान हलवली आणि पुन्हा तोंड उघडलं.

"ब... ब..."

मागून आरवल्याचा आवाज आला. तोच कोंबडा, नव्या गळ्यातून. दोघं-तिघं फिस्कन हसले.

"गप्प बसा!" टायटस ओरडला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "माझ्याविरुद्ध बोलतोय ना तो? मग तुम्हाला काय होतंय? बोलू द्या त्याला!"

यानंतर कोणी हसलं नाही. लिअँडर उभा होता. खाली पाणी धक्क्यावर आपटल्याचा आवाज येत होता. त्याची मान ताठ झाली, डोळे मिटले, एक खांदा वर गेला. ओबेड कॉकमचे ओठ नकळत हलायला लागले, जणू त्याच्या ओठांनी काही मदत होणार होती. आणि मग, घट्ट बसलेलं झाकण निघावं तसा शब्द सुटला.

"ब... बेनाया ब... ब... बॅकमन." तो थांबला. लोकांना वाटलं, झालं. पण त्याचं झालं नव्हतं. "आणि हे म... मी ब... बोललोय. माझ्या ब... बायकोने नाही."

मग जो हशा उठला तो वेगळा होता. आपल्या घरच्या माणसाला हसावं तसा. अधिकाऱ्याने स्वतः उठून कारकुनाला सांगितलं, "लिहा." लिअँडर घामाने निथळत जिन्याकडे वळला. पण पायरीवर नुसती टोपली होती. सबायना निघून गेली होती.

घरी ती चुलीपाशी एप्रनच्या टोकाने डोळे पुसत बसली होती. तो आत आला तशी म्हणाली, "यापुढे तुझ्या वाक्यात मी तोंड घालणार नाही. जीभ झडली तरी नाही."

"अगं, त... त..."

ती गप्प. त्याला ते वाक्य पुरं करावं लागलं. "तसं क... काही नाही," असं त्याला म्हणायचं होतं. एवढ्यावर कॉफी थंड झाली.

आणि तिने शब्द पाळला. हेबांच्या घरचं जेवण गार व्हायला लागलं. लिअँडरला मीठ हवं असलं की तो अख्खं वाक्य बोलायचा, आणि ती मिठाचं भांडं हातात धरून शेवटच्या शब्दापर्यंत थांबायची. सुरुवातीला दोघांनाही फार जड गेलं. पुढे पुढे तो जास्त बोलायला लागला. तिला कळलं, की इतकी वर्षं त्याची निम्मी वाक्यं तिने भलतीकडेच नेली होती. त्याला गमतीदार गोष्टी सुचायच्या आणि ती त्या काहीतरी साध्यासुध्या म्हणून संपवून टाकायची. हे कळल्यावर ती एकदा पिठात हात घालून तशीच उभी राहिली आणि रडली.

निवडणूक आम्ही जिंकलो. एक जागा सोडून नोव्हा स्कोशियातल्या सगळ्या जागा विरोधकांच्या. आमची माणसं लंडनला गेली, आम्हाला मोकळं करा म्हणाली. लंडनने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि नाही म्हणून परत पाठवलं. लिअँडरला ते फार लागलं. एवढा जिवाचा आटापिटा करून एक नाव उच्चारलं, आणि त्याचं फळ काय, तर काही नाही. टायटसने एक हंगाम दुसऱ्याकडून पिंपं घेतली, मग कंटाळून पुन्हा याच छपरात आला आणि दोघांपैकी कोणी त्याबद्दल बोललं नाही. बेनाया बॅकमन ओटावाला जाऊन बसला आणि दोनेक वर्षांनी गावात येऊन म्हणाला, "घर आपल्याला पसंत नव्हतं, खरं आहे. पण आता राहायचंच आहे तर खोली तरी चांगली मागून घेऊ." लोकांनी नाकं मुरडली. पण हळूहळू पोस्टाची तिकिटं बदलली, नाणी बदलली, आणि लोक त्यांनाच सरावले. लिअँडर तेवढा 'कॅनडा' हा शब्द उच्चारत नसे. गावाला वाटायचं, बिचाऱ्याला 'क' जमत नाही. 'क' त्याला आता बऱ्यापैकी जमत होता.

एकाहत्तर साली हॅलिफॅक्सच्या सभेची निवडणूक आली, आणि तिच्याबरोबर नवा कायदा. आता बोलायचं नाही. आडोशाला जायचं, चिठ्ठी दुमडायची आणि पेटीत टाकायची. सगळे खूश. गावातले शेजारी लिअँडरला येता-जाता थांबवून सांगायचे, "सुटलास रे बाबा तू! सगळ्यांत जास्त फायदा तुझा." तो हसायचा. पण आतून त्याला वाटत होतं, की जिन्याच्या एवढ्या पायऱ्या चढून गेलो आणि वर जाऊन बघतो तर माडीच काढून नेली.

मत देऊन झाल्यावर तो माडीवर थोडा वेळ रेंगाळला. टायटस आपल्या खुर्चीत बसला होता, पण त्याला ऐकायला काही नव्हतं. मग आयुष्यभर टायटस सांगेल ते नाव घेणारे कोळी एकामागून एक आडोशाला जाऊन आले. त्यांतला एक म्हातारा पेटीत चिठ्ठी टाकून टायटसकडे बघून असा काही गोड हसला की टायटसला जागेवर बसवेना. लिअँडरने ते पाहिलं. त्याला जे बोलून मिळालं होतं, ते या माणसांना न बोलता मिळालं होतं. त्याच्या मनातला सल अगदी गेला नाही, पण बोथट झाला.

सबायना खाली धक्क्यावर उभी होती. दोघं घराकडे चालायला लागली.

"मी ट... टोबियास ट..." तो आपणहून सांगायला लागला. टोबियास टॅनर, विरोधकांचा नवा माणूस. समोर पुन्हा ॲन्सेल ऑक्सनरच उभा होता. सबायनाला पहिल्या अक्षराला कळलं होतं. पण ती थांबली, चालायचीसुद्धा थांबली, आणि त्याने आडनावाचं शेवटचं अक्षर टाकेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बरं केलंस," ती म्हणाली.

पुन्हा दोघं चालायला लागली. वाळत घातलेल्या माशांच्या मचाणांपाशी लिअँडरच्या काय मनात आलं कोण जाणे. तो म्हणाला, "तू क... कोणाला दिलं असतंस?"

सबायना गोंधळली. आख्ख्या गावाला बोलण्यात हरवणारी बाई. पण हे तिला आजवर बापाने, पाद्र्याने, कोणीच विचारलं नव्हतं. "मी?" ती म्हणाली. "मी म्हणजे... माझं काय... मला..." आणि तिचं वाक्य तिथेच अडकून राहिलं. लिअँडरला वाटत होतं की उरलेलं आपल्याला माहीत आहे. तो मधे बोलला नाही. वाट बघत उभा राहिला.

"ऑक्सनरला," ती अखेर म्हणाली.

"काय?" हा शब्द त्याच्या तोंडून धडधडीत, एका दमात बाहेर पडला.

"निदान तो त्या खाडीबाहेरच्या खडकावर दिवा बसवून घेतो म्हणालाय ओटावाकडून. माझा भाऊ तिथेच बुडून गेला. तुझा टॅनर अजून सदुसष्ट सालचंच रडगाणं गातोय. खडकावर रडून गलबतं वाचतात का?"

लिअँडर तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं ही बाई त्याची वाक्यं पुरी करत होती आणि तिचं स्वतःचं एक वाक्य तिच्यापाशी तसंच पडून होतं.

"मग स... सकाळी क... का नाही ब... बोललीस?"

"तू विचारलंस कधी?" सबायना म्हणाली.